सरासरी 9.5 आली म्हणून अल्बम पहिला येत नाही

प्रश्न थोडक्यात असा: ऐकणाऱ्यांचा 24 जणांचा गट आहे. वर्षातल्या गाजलेल्या अल्बमांना प्रत्येकाने 10 पैकी गुण दिले, शेवटी सरासरी काढली, आणि जेमतेम 3 जणांनी ऐकलेला अल्बम 9.5 घेऊन पहिला आला. 22 जणांनी ऐकलेला 8.2 सरासरीचा अल्बम त्याच्या खाली गेला. त्यावरून जो वाद पेटला तो "तुम्हाला संगीतातलं काय कळतं" इथवर पोचला. यंदा काय बदलायचं?

हा वाद आवडीनिवडीचा वाटला तरी मुळात हिशेबाचा होता. एकाच आकड्याकडून तीन प्रश्नांची उत्तरं मागितली गेली: अल्बम किती चांगला आहे, किती जणांना तो जिवापाड आवडला, आणि तो किती जणांच्या कानावर पडला. सरासरी यातल्या फक्त पहिल्याचं उत्तर देते, तेही लंगडं. म्हणून गुण चर्चेसाठी ठेवा, क्रम मतपत्रिकेवरून (प्रत्येकाने निवडलेल्या 10 अल्बमांच्या यादीवरून) लावा, आणि ऐकणाऱ्यांची संख्या प्रत्येक आकड्याशेजारी लिहा. हे तिन्ही नियम वर्षाच्या सुरुवातीला ठरले पाहिजेत. निकाल दिसू लागल्यावर ठरवलेला नियम कितीही शहाणपणाचा असला तरी ज्याचा अल्बम खाली जातो त्याला तो कटच वाटतो.

सगळ्यात जास्त चकमकी तारखेवरून, म्हणजे अल्बम कोणत्या वर्षात धरायचा यावरून होतात. द क्लॅशचा 'लंडन कॉलिंग' ब्रिटनमध्ये डिसेंबर 1979 मध्ये आला आणि अमेरिकेत जानेवारी 1980 मध्ये, म्हणून 'रोलिंग स्टोन' मासिकाला तो ऐंशीच्या दशकातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरवता आला. 10 जुलै 2015 पासून जगभर शुक्रवार हाच रिलीजचा दिवस ठरल्यावर देशादेशांतल्या तारखांचा घोळ बराच मिटला. डिसेंबरचा घोळ मात्र तसाच आहे. बियॉन्सेचा तिच्याच नावाचा अल्बम 13 डिसेंबर 2013 ला आला, डिअँजेलोचा 'ब्लॅक मसाया' 15 डिसेंबर 2014 ला, सिझाचा 'एसओएस' 9 डिसेंबर 2022 ला. नोव्हेंबरअखेर याद्या छापून मोकळ्या झालेल्यांना त्या त्या वर्षी हे अल्बम धरताच आले नाहीत. न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' या वृत्तपत्राच्या 'पॅझ अँड जॉप' या समीक्षकांच्या मतदानात मात्र 2014 चा पहिला क्रमांक 'ब्लॅक मसाया'लाच गेला, कारण तिथल्या मतपत्रिका उशिरा गोळा होत. ग्रॅमीची मुदत तर कॅलेंडरशी जुळतच नाही: ॲडेलचा '25' नोव्हेंबर 2015 मध्ये आला, त्या फेरीची मुदत 30 सप्टेंबरलाच संपली होती, आणि पुरस्कार हातात पडला तो फेब्रुवारी 2017 मध्ये.

तुमच्यासमोर दोन मार्ग आहेत. वर्ष 1 डिसेंबर ते 30 नोव्हेंबर धरलं तर मतदान डिसेंबरातच उरकतं, पण डिसेंबरात आलेला अल्बम पुढचं वर्षभर कुणाचाच नसतो आणि मतदानाच्या वेळी विसरलेला असतो. कॅलेंडर वर्ष धरून मतपत्रिका जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात घेतल्या तर 31 डिसेंबरच्या अल्बमलाही तीन आठवडे मिळतात. मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे. त्याची एकच अडचण म्हणजे जानेवारीपर्यंत लोकांचा उत्साह ओसरतो. त्यावर उपाय साधा: कोरी मतपत्रिका डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच हातात द्या, म्हणजे तिच्यावर खाडाखोड सुरू होते.

अल्बम कशाला म्हणायचं हेही लिहून ठेवा. ग्रॅमीची कसोटी कामाची आहे: किमान 5 वेगळी गाणी आणि 15 मिनिटं, किंवा गाणी कितीही असली तरी एकूण 30 मिनिटं. टिएरा व्हॅकच्या 'व्हॅक वर्ल्ड'मध्ये एकेका मिनिटाची 15 गाणी आहेत. या कसोटीत तो काठावर बसतो. नुसती "30 मिनिटं" अशी अट घातली असती तर बाहेर गेला असता, आणि त्यावर महिनाभर वाद झाला असता. पुनर्प्रकाशन, जुन्या गाण्यांचे संग्रह आणि लाइव्ह रेकॉर्डिंग यांची वेगळी यादी करा. स्वतःचाच जुना अल्बम नव्याने गाऊन काढलेला असेल तर तोही तिकडेच.

आवृत्त्यांचं प्रकरण मात्र दरवर्षी अवघड होत चाललंय. चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' 7 जून 2024 ला आला, लगेच तीन जादा गाण्यांची आवृत्ती आली, ऑक्टोबरमध्ये पाहुण्या कलाकारांसह रीमिक्सचा अल्बम आला. एकाने पहिली आवृत्ती ऐकून 8 दिले आणि दुसऱ्याने तिसरी ऐकून 9 दिले तर ती सरासरी कशाची? नियम असा ठेवा: गुण पहिल्या दिवशी आलेल्या आवृत्तीला. नंतर जोडलेल्या गाण्यांवर बोला, पण ती गुणांत धरू नका. पूर्ण वेगळा रीमिक्स अल्बम असेल तर वेगळी नोंद करा. कान्ये वेस्टचा 'द लाइफ ऑफ पाब्लो' 2016 मध्ये प्रसिद्ध झाल्यावरही बदलत राहिला. अशा अल्बमच्या नोंदीत "अमुक तारखेची आवृत्ती" असं लिहावं लागतं.

आता लांब यादी, म्हणजे गटाने वर्षभरात ऐकायची नावं. "गाजलेला" हे ठरवायला बहुतेक जण मेटाक्रिटिकसारख्या, समीक्षकांच्या गुणांची बेरीज करणाऱ्या संकेतस्थळांचा आकडा घेतात. घ्यायला हरकत नाही, पण तो आकडा कसा बनतो हे माहीत हवं. तिथे 4 परीक्षणं जमली की गुण दिसू लागतो, प्रत्येक प्रकाशनाचं वजन वेगळं असतं, आणि ज्या परीक्षणात आकडा नसतो त्याला तिथली माणसं मजकूर वाचून आकडा देतात. म्हणजे 7 परीक्षणांवरचे 90 आणि 28 परीक्षणांवरचे 84 यांची सरळ तुलना होत नाही. कडक मेटल किंवा मुक्त जॅझचा अल्बम त्या शैलीत मुरलेल्या मोजक्यांकडेच परीक्षणाला जातो आणि तिथे गुण चढेच पडतात. बड्या पॉप कलाकाराचा अल्बम मात्र सगळ्यांच्या तावडीत सापडतो, अगदी ज्यांना त्याचं वावडं आहे त्यांच्याही. शिवाय परीक्षणं रिलीजच्या आसपास, थोड्याच ऐकण्यांवर लिहिलेली असतात. संगीत परीक्षणं छापणाऱ्या पिचफोर्क या संकेतस्थळाने 2021 मध्ये आपलेच जुने 19 गुण बदलले. त्यात डाफ्ट पंकचा 'डिस्कव्हरी' 6.4 वरून थेट 10 वर गेला. तर बेरजेच्या आकड्यातून 25 अल्बम घ्या, आणि प्रत्येक सदस्याला एक हक्काचं नाव द्या, जे कुणालाही कारण न सांगता यादीत जाईल. पुनरावृत्ती वगळून 40 च्या आसपास नावं होतात.

40 च का, तर वेळेचा हिशेब करून पाहा. सरासरी 45 मिनिटांचा एक अल्बम, 40 अल्बम म्हणजे 30 तास, प्रत्येक तीनदा ऐकायचा तर 90 तास. वर्षाला वाटून आठवड्याला पावणेदोन तास येतात. हे जमण्यासारखं आहे. यादी 100 वर नेली की लोक पहिली दोन गाणी ऐकून गुण द्यायला लागतात, आणि तुमचं कोष्टक पहिल्या दोन गाण्यांच्या परीक्षेचं होतं. प्रत्येकाने सगळे 40 ऐकण्याचीही सक्ती नको. चिठ्ठ्या टाकून असं वाटप करा की प्रत्येक अल्बमला किमान 8 ऐकणारे मिळतील. सिंडी लीचा 'डायमंड ज्युबिली' आठवा: 2024 मध्ये आला तेव्हा नेहमीच्या स्ट्रीमिंग सेवांवर नव्हताच, 32 गाणी, दोन तासांहून जास्त. अशा अल्बमला वाटपाशिवाय 3 च श्रोते मिळणार, आणि ते तिघेही आधीच भक्त असणार. 9.5 ची सरासरी जन्मते ती इथेच.

ऐकण्याच्या बाबतीत काही गोष्टी तांत्रिक वाटतील, पण गुण हलवतात. शफल, म्हणजे गाणी कुठल्याही क्रमाने लागणं, बंद हवं. 2021 मध्ये ॲडेलच्या आग्रहावरून स्पॉटिफायने अल्बमच्या पानावरचं आपोआप होणारं शफल काढलं, यावरून किती जण नकळत उलटसुलट क्रमाने ऐकत होते याची कल्पना यावी. क्रॉसफेडही (एक गाणं संपता संपता त्यावरच पुढचं सुरू होणं) बंद, नाहीतर एकमेकांत मिसळणाऱ्या गाण्यांचे सांधे बिघडतात. आवाजाची पातळी सर्वांत महत्त्वाची. दोन गोष्टींमधला डेसिबलभराचा फरक कानाला "मोठा आवाज" असा जाणवतच नाही, "जास्त भरीव" किंवा "जास्त स्वच्छ" असा जाणवतो. म्हणून दाबून मास्टर केलेला (चढउतार दाबून सगळा आवाज वर आणलेला) अल्बम पहिल्या ऐकण्यात भाव खाऊन जातो आणि तिसऱ्या ऐकण्यापर्यंत कान थकवतो. नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय, चालू ठेवा (स्पॉटिफायची नेहमीची पातळी उणे 14 एलयूएफएस आहे; एलयूएफएस हे कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आणि ते गाणंनिहाय न लावता अख्ख्या अल्बमला एकत्र लावा. गाणंनिहाय लावलं तर मुद्दाम हळू ठेवलेलं गाणं शेजारच्या गाण्याइतकं वर उचललं जातं आणि कलाकाराने केलेला चढउतार सपाट होतो. फार कमी आवाजात ऐकूनही गुण देऊ नका, कारण आवाज उतरला की कानाला खर्ज आधी कमी पडतो. ज्या अल्बमचा जीव बासमध्ये आहे त्यावर अन्याय होतो.

तीन ऐकणी अशी: पहिलं सलग, मध्ये न उठता, काहीही न लिहिता. दुसरं दोन-तीन दिवसांत, हेडफोनवर, शब्द समोर ठेवून. तिसरं किमान 10 दिवसांच्या खंडानंतर. गुण तिसऱ्यानंतरच. हा खंड गाळला की पहिल्या ऐकण्यातली नवलाई किंवा कंटाळाच गुण बनून बसतो. चटकन कानात बसणारे हुक (गाण्यातले लक्षात राहणारे तुकडे) खंडानंतर फिके पडतात, आणि गुंतागुंतीच्या मांडणीचे अल्बम नेमके तेव्हाच उघडायला लागतात.

गुण अर्ध्याच्या पायरीने द्या. दशांशाच्या मापात शून्य ते दहा म्हणजे 101 पायऱ्या होतात. 8.3 आणि 8.4 मधला फरक महिन्याभराने तुम्हीच तुम्हाला सांगू शकणार नाही. प्रत्येक अंकाला शब्द बांधा: 5 म्हणजे ऐकला, पुन्हा लावायचं कारण नाही; 6 म्हणजे दोन-तीन गाणी ठेवून घेईन; 7 म्हणजे अख्खा पुन्हा ऐकेन; 8 म्हणजे वर्षभर सोबत राहील; 9 म्हणजे हा यादीत नसेल तर यादी चुकली. 9.5 आणि 10 डिसेंबरच्या आधी देऊ नयेत. फेब्रुवारीत 10 देऊन बसलेला माणूस पुढचे दहा महिने त्या 10 चा वकील असतो.

गाणंनिहाय गुणांची सरासरी म्हणजे अल्बमचा गुण, ही पद्धत फार लोकप्रिय आहे आणि मला ती मुळीच पटत नाही. समजा अल्बममध्ये चार-चार मिनिटांची 8 गाणी आहेत, प्रत्येकी 8 गुणांची, आणि 40 सेकंदांचे दोन जोडतुकडे आहेत, 4 गुणांचे. सरळ सरासरी 7.2 येते. कालावधीचं वजन लावलं तर 7.84. 0.64 गुणाचा फरक निव्वळ 80 सेकंदांनी पाडला! आणि ते जोडतुकडे कदाचित पुढचं गाणं उचलून धरण्यासाठीच असतील. फ्लोटिंग पॉइंट्स, फॅरो सँडर्स आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचा 2021 चा 'प्रॉमिसेस' ही नऊ भागांची एकच रचना आहे. तिचा चौथा भाग सुटा काढून त्याला 6 देणं म्हणजे ओव्या तोडून तोडून त्यांना गुण देण्यासारखं. गाण्यांची टिपणं जरूर ठेवा, बोलताना लागतात. अल्बमचा गुण मात्र अल्बमला.

कोष्टकात नेहमी होणाऱ्या चुका माहीत असाव्यात. कुणीतरी "8/10" असं टाइप करतो, स्प्रेडशीट त्याची तारीख करते, तारखेच्या पोटात पाच आकडी संख्या असते आणि अल्बमची सरासरी हजारांत जाते. ही चूक निदान दिसते. न दिसणारी चूक अशी, की एखादा देवनागरी कळफलकावरून ८ लिहितो, बऱ्याच स्प्रेडशीट तो अंक मजकूर समजतात आणि सरासरीतून गुपचूप वगळतात. त्याहून वाईट म्हणजे न ऐकलेल्या अल्बमसमोर शून्य लिहिणं. रिकामी चौकट सरासरीत धरली जात नाही, शून्य धरलं जातं. म्हणून गुणांच्या चौकटीत अर्ध्याच्या पायरीची उतरती यादी लावा, हाताने टाइप करायला जागाच ठेवू नका. अल्बमांच्या नावांनाही तशीच यादी, नाहीतर एकाच नावाची तीन स्पेलिंगं होऊन मतं तीन ठिकाणी फुटतात. आणि स्वतःचा गुण नोंदवेपर्यंत इतरांचे गुण दिसता कामा नयेत. पहिल्या तिघांनी 9 दिलेले पाहून चौथा 6 द्यायला कचरतो. काही जण तर नेमके त्यासाठीच 4 देतात.

मग सरासरीचं काय करायचं? कमी श्रोत्यांच्या अल्बमला गटाच्या एकूण सरासरीकडे थोडं खेचायचं. प्रत्येक अल्बमला काही काल्पनिक मतं आधीच पडली आहेत असं धरा, ती गटाच्या सरासरीइतकी. तुमच्या गटाची सगळ्या अल्बमांवरची सरासरी 6.8 असेल आणि काल्पनिक मतं 5 धरली, तर 3 जणांच्या 9.5 चा हिशेब असा: 28.5 अधिक 34, भागिले 8, म्हणजे 7.81. 22 जणांच्या 8.2 चा: 180.4 अधिक 34, भागिले 27, म्हणजे 7.94. क्रम उलटला. पण काल्पनिक मतं 5 ऐवजी 3 धरली तर पहिला 8.15 आणि दुसरा 8.03, म्हणजे पुन्हा तिघांचा अल्बम वर! ही संख्या निकालानंतर ठरवली तर काय महाभारत होईल हे सांगायला नको. 24 जणांच्या गटाला 5 किंवा 6 ठीक. ती जानेवारीतच लिहून ठेवा.

हात आखडता असणारे आणि सढळ हाताचे, हा दुसरा तिढा. एकाची सरासरी 8.1 आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरतात ते) 0.6, दुसऱ्याची सरासरी 5.5 आणि विचलन 2. पहिल्याचे 9 आणि दुसऱ्याचे 8.5 हे दोन्ही आपापल्या सरासरीच्या दीड विचलन वर, म्हणजे दोघांनी एकच गोष्ट सांगितली आहे. हे गणित माणसाने 15 तरी अल्बमांना गुण दिल्याशिवाय लावू नका. आणि त्याची मर्यादाही लक्षात घ्या: जो फक्त आवडेल असंच निवडून ऐकतो त्याची सरासरी खरोखरच वर असते, त्याला खाली ओढणं अन्यायाचं आहे. म्हणून हे मी क्रम लावायला वापरत नाही, माणसं समजून घ्यायला वापरतो. अल्बमचं विचलन मात्र यादीत छापाच. 7, 7, 7, 6.5, 7.5 ची सरासरी 7 आहे आणि 10, 10, 7, 4, 4 चीही 7 च. बोलण्यासारखा अल्बम दुसरा आहे.

क्रमासाठी मतपत्रिका. प्रत्येकी 10 अल्बम. इथे गुणांची पद्धत निकाल कसा फिरवते ते पाहा. एका अल्बमला 5 जणांनी पहिलं स्थान दिलं, बाकी कुणी नाव घेतलं नाही. दुसऱ्याला 9 जणांनी पाचवं स्थान दिलं. पहिल्याला 10, दुसऱ्याला 9, असं उतरत 1 पर्यंत गुण दिले तर 50 विरुद्ध 54, दुसरा जिंकतो. फॉर्म्युला वनच्या शर्यतीसारखे 25, 18, 15, 12, 10 असे गुण दिले तर 125 विरुद्ध 90, पहिला जिंकतो. यातली कुठलीच पद्धत खोटी नाही. पहिली सर्वांना बऱ्यापैकी आवडणाऱ्याला झुकतं माप देते, दुसरी वेड लावणाऱ्याला.

मला 'पॅझ अँड जॉप'ची रीत सगळ्यात सरस वाटते, कारण ती हा निर्णय मतदारावरच सोपवते: प्रत्येकाकडे 100 गुण, 10 अल्बमांत वाटायचे, एकाला जास्तीत जास्त 30 आणि कमीत कमी 5. या दोन मर्यादांमुळे दोनच अल्बमांना पूर्ण 30 देता येतात, आणि मग उरलेल्या आठांना बरोबर 5-5 च उरतात. म्हणजे वेड दाखवायची मुभा आहे, पण त्याची किंमत स्वतःच्या बाकीच्या यादीने मोजायची. गुण लिहिलेच नाहीत तर प्रत्येकी 10 धरा. बेरीज 100 न भरलेली पत्रिका परत पाठवा, स्वतः दुरुस्त करू नका. 10 नावं जमलीच नाहीत तर 7 ही चालतील, पण तेवढेच गुण वापरा: 7 नावांना 70. नाहीतर कमी ऐकणाऱ्याच्या प्रत्येक मताचं वजन वाढतं.

यादीत यायला किमान 3 पत्रिकांवर नाव हवं. बरोबरी झाली तर जास्त पत्रिकांवर असलेला वर. तीही बरोबरी असेल तर दोघांना एकच क्रमांक द्या, नाणं उडवायची गरज नाही. निकालात एकूण गुण, पत्रिकांची संख्या, किती जणांनी ऐकला, आणि दर पत्रिकेमागे गुण, हे चार आकडे द्या. शेवटचा आकडा 10 च्या आसपास असेल तर अल्बम सर्वमान्य आहे, 15 च्या वर असेल तर त्याचे कट्टर चाहते आहेत. वर्षाअखेरीच्या कुठल्याही यादीत मी हा रकाना आधी वाचेन, क्रम नंतर.

पत्रिकेवरचे मतदार कोण, हेही लिहा. 24 पैकी 14 जण इंडी रॉक ऐकणारे असतील तर यादी इंडी रॉकचीच निघणार. त्यावर शैलीनिहाय कोटा हा उपाय नाही. कोट्याने चढवलेल्या अल्बमकडे कुणी आदराने पाहत नाही. प्रत्येकाची पत्रिका नावासह खुली ठेवा, म्हणजे हिप-हॉप ऐकणाऱ्या चौघांचा पहिला अल्बम एकच आहे हे वाचणाऱ्याला दिसतं.

वादाबद्दल. "ओव्हररेटेड" हा शब्द बाद करा, कारण तो अल्बमबद्दल काहीच सांगत नाही, इतर श्रोत्यांबद्दल सांगतो. त्याऐवजी प्रत्येक आक्षेपाला आणि प्रत्येक कौतुकाला गाणं आणि मिनिट जोडायला लावा. "दुसरी बाजू ढिली पडते" यापेक्षा "आठव्या गाण्यापासून सलग तीन गाणी एकाच लयीत आणि एकाच पट्टीत आहेत" हे वाक्य तपासता येतं, आणि तपासता आलं की आवाज खाली येतो. चर्चेची सुरुवात सगळ्यात जास्त विचलनाच्या अल्बमपासून करा. सर्वांना 8 वाटलेल्या अल्बमवर 20 मिनिटं घालवण्यात हशील नाही. त्यातही आधी कमी गुण देणाऱ्याने अल्बमची सर्वांत जमलेली जागा सांगायची, आणि जास्त देणाऱ्याने सर्वांत कच्ची. प्रत्येकी दोन मिनिटं. चर्चेनंतर गुण बदलायची मुभा द्या, पण जुना गुण पुसू नका, शेजारी नवा लिहा.

कलाकाराच्या वागणुकीवरून नकार असेल तर चौकट रिकामी सोडायची, 0 द्यायचा नाही. रिकामी चौकट हेही मतच आहे, आणि ती तशी मोजता येते: "5 जणांनी गुण द्यायला नकार दिला" असं निकालात लिहा. सूड म्हणून दिलेले 0 आणि भक्तीचे 10 येतच असतील तर 20 हून जास्त जणांनी गुण दिलेल्या अल्बमचे वरचे दोन आणि खालचे दोन गुण काढून सरासरी घ्या. छोट्या गटात हे करू नका, 8 जणांच्या गुणांपैकी 4 फेकून दिलेत तर उरतं काय?

अख्खं कोष्टक पुढच्या वर्षासाठी जपून ठेवा. पुढल्या डिसेंबरात पहिले 10 अल्बम जुने गुण न बघता पुन्हा ऐकायचे, नवे गुण द्यायचे आणि मगच जुना रकाना उघडायचा. साधारण दोन-तीन अल्बम एक गुण किंवा जास्त हललेले दिसतील. कोणत्या प्रकारचे अल्बम वर गेले आणि कोणते घसरले याची नोंद प्रत्येकाने आपल्यापुरती करायची, आणि नव्या वर्षाची कोरी पत्रिका भरताना ती समोर ठेवायची.